मस्कतचं सामान, कोकणचा रस्ता आणि 'डोअर टू डोअर' नावाची थाप

आधीच सांगते, समुद्र, सूर्यास्त, सोलकढी वगैरे वाचायला आला असाल तर यात फार काही मिळणार नाही. आम्ही दोघं १६ वर्षं मस्कतला काढून नोव्हेंबर २०२३ मध्ये कायमचे परत आलो, नवऱ्याच्या गावी, मालवण तालुक्यातल्या आचऱ्याच्या जरा अलीकडे. गल्फमधून कोकणात सामानासकट परतणारे बरेच असतात आणि सगळ्यांना तेच तेच गोड बोलून गुंडाळतात, म्हणून हे लिहायला बसले. अजून थोडा राग आहे डोक्यात, तो समजून घ्या.

प्लॅन असा होता. घरसामानाचे ६४ बॉक्स ओमानमधल्या सोहारच्या बंदरातून जहाजाने न्हावाशेवाला येणार, एजंट ते सोडवून थेट गावच्या घरात आणून ठेवणार ('डोअर टू डोअर' म्हणे), आणि तोवर आम्ही दोघं मेव्हण्याची जुनी वॅगनआर घेऊन सागरी मार्गाने रमतगमत खाली जाणार. १६ वर्षांत सुट्टीला येऊन फक्त लग्नं, बारशी आणि हॉस्पिटलं केली होती, कोकण धड बघितलंच नव्हतं. एजंटला तीनदा विचारलं की बाबा आम्ही मुंबईत थांबायला हवं का, तिन्ही वेळा तो म्हणाला, "मॅडम काय गरज नाय, पासपोर्टची झेरॉक्स दिलीय ना, बिनधास्त फिरा." त्याच्या जिवावर भाऊबीज आटपून १८ तारखेला शनिवारी डोंबिवलीहून निघालो. आणि ओरिजिनल पासपोर्ट हरवायला नकोत म्हणून कपाटात कुलपात ठेवले. काय ती हुशारी!

पहिले दोन दिवस पेण, अलिबाग, मुरूड, मग आगरदांड्याहून दिघीची फेरीबोट, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. ठीक. दिवाळीच्या सुट्ट्यांमुळे रूमचे भाव बघून आमचे रियाल संपतात की काय असं वाटलं, भाव करा, लाजू नका, आणि बोलताना मस्कत, दुबई हे शब्द तोंडातून काढू नका. नवऱ्याने दिवेआगरला काढले आणि पुढच्या वाक्याला रूम ५०० रुपयांनी महागली.

बागमांडल्याहून वेश्वीची बोट रविवारी दुपारी घेऊ नका. आमच्या पुढे गाड्यांची रांग पार वळणाच्या मागे होती, दोन बोटी समोरून गेल्या तेव्हा आमचा नंबर लागला. बाजूला बाणकोट खाडीच्या पुलाचे खांब वर्षानुवर्षं नुसते उभे होते, ते बघत भुईमुगाच्या शेंगा खायच्या, दुसरं काय करणार. पलीकडे उतरल्यावर केळशीवरून उटंबर, आडे, पाडले करत आंजर्ल्याचा रस्ता मोबाईलमध्ये छान समुद्राकाठची रेघ दिसतो. प्रत्यक्षात गावांच्या आत एका बाजूला दगडांचा गडगा, दुसऱ्या बाजूला कुणाची तरी पडवी आणि समोरून एसटी. एसटीवाला मागे घेत नाही, घेणारही नाही, तुम्हीच घ्यायची. ज्यांनी इतकी वर्षं गल्फमध्ये रस्त्याच्या उजवीकडून गाडी चालवली त्यांनी तर पहिल्या आठवड्यात हा पट्टा करूच नये. नवरा वळताना इंडिकेटर म्हणून दर वेळी वायपर सुरू करत होता आणि गियरसाठी उजवा हात जाऊन दारावर आपटत होता. मला कपाळाला हात लावायलासुद्धा वेळ नव्हता, दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला होता.

सोमवारी संध्याकाळी हर्णै बंदरात मासळीचा लिलाव बघत उभे होतो. बैलगाड्या पाण्यात, सुरमईचे ढीग, ओरडाआरडा, आणि त्यात फोन. एजंट. "मॅडम, साहेबांना उद्या ओरिजिनल पासपोर्ट घेऊन यायला लागेल, त्याशिवाय तपासणी होत नाय." मी म्हटलं तू तर म्हणालास गरज नाही. तर म्हणे, "तसं नसतं मॅडम, हे सगळ्यांना माहिती असतं." सगळ्यांना माहिती असतं! मग मी काय कोपऱ्यात बसलेली होते का? नवऱ्याने तोवर एक पापलेटची जोडी घेऊन ठेवलेली, ती रूमवाल्या काकूंना देऊन टाकली आणि झोपलो.

पहाटे ४ ला निघालो. दापोली, खेड, कशेडी घाट, पोलादपूर, महाड इथपर्यंत बरं चाललं होतं आणि मग माणगाव. माणगावाबद्दल मी वेगळं काय सांगणार, २०११ पासून त्या हायवेचं रुंदीकरण चाललंय आणि आम्ही मस्कतला असताना जितक्या वेळा आलो तितक्या वेळा तिथेच अडकलो. एक तास दहा मिनिटं. पुढे आधी डोंबिवली (कपाट, कुलूप, पासपोर्ट), पोचेपर्यंत दुपार, म्हणजे मंगळवार गेलाच. बुधवारी नवरा न्हावाशेवाला हजर झाला. कस्टमचा अधिकारी शांत माणूस होता, नीट बोलला, त्याच्याबद्दल तक्रार नाही. तो एवढंच म्हणाला की सामान ज्याच्या नावावर, त्याचा पासपोर्ट शिक्क्यांसकट बघावाच लागतो, हे तुमच्या एजंटने सांगायला हवं होतं.

आता कामाचं सांगते, हे आमच्या वेळचे म्हणजे २०१६ च्या बॅगेज रूल्सचे नियम, तुम्ही निघाल तेव्हा चालू नियम कस्टमच्या साइटवर स्वतः वाचा, एजंटच्या तोंडून ऐकू नका. कायमचं परतताना दोन वर्षं सलग बाहेर राहिलेल्याला वापरलेल्या घरसामानावर ५ लाखांपर्यंत ड्युटी माफ होती. पण त्या दोन वर्षांत तुम्ही भारतात सुट्टीला येऊन जे दिवस काढले ते सगळे मिळून सहा महिन्यांच्या वर जाऊन चालायचे नाहीत. मी २०२२ मध्ये सासूबाईंच्या आजारपणात ७ महिने इथेच होते. म्हणजे सामान माझ्या नावावर बुक केलं असतं तर सवलत खड्ड्यात. निव्वळ नशिबाने नवऱ्याच्या नावावर होतं, कारण फॉर्म भरायच्या दिवशी मी पार्लरमध्ये होते. नवरा-बायकोपैकी कुणाचे भारतातले दिवस कमी ते पासपोर्ट काढून शिक्के मोजून ठरवा आणि त्याच्याच नावावर सामान टाका. सामान तुमच्या आधी दोन महिन्यांपर्यंत येऊन पडलेलं चालायचं, तुम्ही आल्यावर पाठवायचं तर एका महिन्यात तिथून निघायला हवं असायचं.

३०० लिटरच्या वरचा फ्रीज सवलतीत नव्हता, फ्लॅट टीव्हीपण नव्हता. टीव्ही आम्ही तिकडेच विकला, फ्रीज आणला कारण एजंट म्हणाला, "फ्रीज म्हणजे घरसामानच." फ्रीजची किंमत ४५,००० धरली, ३८.५ टक्क्यांनी १७,३२५ रुपये ड्युटी. त्यात इकडे नवीन फ्रीजची निम्मी किंमत निघाली असती. त्या फ्रीजबद्दल अजून बोलायचंय, थांबा.

बॉक्सच्या यादीत 'किचन आयटम', 'मिसलेनियस' असलं मोघम लिहू नका, मोघम लिहिलेलेच बॉक्स उघडतात. आमचे ११ उघडले आणि परत बांधताना कुणीतरी खलबत्ता काचेच्या बरण्यांवर ठेवला. प्रत्येक बॉक्सला नंबर, आत काय, किती जुनं, अंदाजे किंमत, बस्स.

बुधवारी तपासणी झाली, गुरुवारी ड्युटी ऑनलाइन भरली, एजंट म्हणाला आता झालं, तुम्ही जावा. आम्ही परत त्याच माणगावातून परत त्याच खेडवरून दापोली, आणि दाभोळ–धोपावे बोटीने गुहागर. ही बोट मात्र चुकवू नका, दापोलीहून चिपळूणमार्गे गुहागर गाठायचं तर शंभराच्या वर किलोमीटर पडतात, इथे खाडी ओलांडली की आलं. गुहागरला दोन दिवस राहिलो. छान.

तर हे छान चाललेलं असताना कळलं की एजंटने शिपिंग कंपनीकडून डिलिव्हरी ऑर्डरच (माल सोडायची चिठ्ठी) घेतलेली नाही. शुक्रवारी संध्याकाळी घेतली, पुढे शनिवार, रविवार, आणि सोमवारी २७ ला गुरुनानक जयंतीची सुट्टी. माल मंगळवारी बाहेर पडला. यार्डात माल फुकट ठेवायचे दिवस कधीच संपलेले, त्यामुळे भाडं २६,८०० रुपये, आणि ते भरायचं आम्ही. एजंटशी करार करताना हे एकच वाक्य लिहून घ्या की त्याच्या दिरंगाईने लागलेलं यार्डाचं भाडं तो देईल. लिहून देत नसेल तर दुसरा एजंट बघा. मी त्याच्याशी फोनवर जे बोलले ते इथे लिहीत नाही, नवरा गाडीतून उतरून तवसाळच्या धक्क्यावर लांब जाऊन उभा राहिला होता.

तवसाळहून जयगडची बोट, गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी, पावस, पूर्णगड, कशेळी, जैतापूरचा पूल. आरे-वारेचा रस्ता बघून मी पहिल्यांदा त्या दहा दिवसांत हसले असं नवरा म्हणतो. खोटं आहे, पण असू दे. पुढे विजयदुर्गाकडे न वळता पडेल कॅन्टीन नावाच्या नाक्यावरून देवगड, कुणकेश्वर आणि घर. जैतापूर ते देवगड मध्ये पेट्रोलच्या भरवशावर राहू नका, रत्नागिरीतच टाकी फुल करा. अंधार पडल्यावर हा पट्टा नको, गुरं रस्त्यात बसलेली असतात आणि ती तुमच्या हॉर्नला भीक घालत नाहीत.

आणि आता सगळ्यात वाईट दीड किलोमीटर. मुंबई ते आचरा चारशेच्या वर किलोमीटर सामान आलं, हायवेने कणकवली आणि तिथून आचरा, इथपर्यंत ड्रायव्हर शहाणा होता (सामानाचा टेंपो याच वाटेने आणा, सागरी मार्ग वगैरे त्याला सुचवूसुद्धा नका). १ डिसेंबरला संध्याकाळी १९ फुटी आयशर वर सड्यावर (कातळाच्या माळावर) येऊन थांबला. चुलतदीर बघायला गेले आणि तिथूनच फोन, "गे वैनी, टेंपो खाली येवचो नाय, पाणंदीत अडाकतलो. तुमका कोणी सांगल्यान घरापर्यंत येतलो म्हणान?" कोणी सांगितलं! करार काढून वाचला. डोअर टू डोअर म्हणजे 'वाहन पोहोचेल तेथपर्यंत'. इतक्या बारीक अक्षरात की चष्मा लावून नवऱ्याने मोबाईलने फोटो काढून मोठा करून वाचला.

बरोबर आलेले तीन हमाल म्हणाले १८,००० द्या नाहीतर इथेच उतरवतो. सड्यावर, संध्याकाळी, ६४ बॉक्स. गावातली पोरं बोलवावी तर ४ तारखेला मालवणात नौदल दिन, पंतप्रधान येणार, त्यामुळे मिळेल तो माणूस आणि मिळेल तो टेंपो मंडप, रंगरंगोटी नाहीतर पर्यटक यांच्यामागे. शेवटी दिरांनी कुणाचा तरी छोटा हत्ती आणला, त्याच्या सहा खेपा, हमालांना ९,५०० वर तोडलं, रात्री साडेअकराला संपलं. आचऱ्याच्या गावपळणीत अख्खा गाव गुरंढोरं, कोंबड्या, चूलबोळकी घेऊन तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातो, तेव्हा सामान हलवायचं कसं हे त्यांच्याकडून आधी शिकायला हवं होतं.

म्हणून, सामान बुक करण्याआधी गावातल्या कुणाला तरी हायवेपासून घराच्या पायरीपर्यंतचा व्हिडिओ काढायला सांगा, पाणंदीची सगळ्यात अरुंद जागा टेपने मोजून घ्या आणि तो व्हिडिओ एजंटला पाठवून 'छोट्या गाडीचा खर्च यात धरलाय' असं लेखी घ्या. हमालीचा आकडा माल निघायच्या आधी ठरवा, टेंपो उभा असताना नाही. आणि जूनपासून ऑक्टोबरपर्यंत तर हे करूच नका, लाल मातीच्या उतारावर तो हत्तीसुद्धा चढला नसता.

मिक्सर, इस्त्री, किटली सगळ्यांचे प्लग मस्कतच्या चौकोनी पिनांचे आहेत, इकडे गोल. मालवणला एका दुकानात कन्व्हर्टर मिळाले पण आम्ही प्लगच कापून बदलले, वायरमनने एका दुपारी १४ केले.

राहिला फ्रीज. ड्युटी भरून, यार्डात भाडं भरून, छोट्या हत्तीतून आडवा न करता दोघांनी धरून आणलेला तो फ्रीज माजघराच्या दारातून जात नाही. फ्रीज ३० इंच, दार २७. चौकट आजेसासऱ्यांच्या वेळची फणसाची, तिला हात लावायला नवरा तयार नाही. त्यामुळे तो पडवीत उभा आहे, आणि शेजारपाजारचे बांगडे त्यात राहायला येतात. फ्रीजचे दरवाजे काढूनही बघितलं, आत जायला अजून अर्धा इंच कमी पडतो.