बफरिंगचा दोष घरात की घराबाहेर?

सामना ऐन रंगात असताना पडद्याच्या मधोमध ते गोल चक्र फिरू लागले की बहुतेक घरांत पहिला विचार येतो तो जास्त वेगाचा प्लॅन घेण्याचा. माझ्या मते हे पैसे बहुधा वाया जातात. फुल एचडी चित्राला सेकंदाला ५ ते ८ मेगाबिट आणि फोर-के चित्राला साधारण १५ ते २५ मेगाबिट पुरतात; त्यामुळे १०० मेगाबिटची जोडणी असलेल्या घरात सहसा वेग कमी पडत नाही, सातत्य कमी पडते.

त्याच टीव्हीवर चित्रपट विनातक्रार चालतो आणि सामनाच का अडतो, याचे उत्तरही त्यातच आहे. चित्र काही सेकंदांच्या तुकड्यांनी येते आणि ॲप असे दोन-तीन तुकडे हाताशी जमले की दाखवायला सुरुवात करते. चित्रपटाचे पुढचे तुकडे सर्व्हरवर तयारच असल्यामुळे ॲप ते भराभर उतरवून घेते; सामन्यातला पुढचा चेंडू मात्र अजून टाकलाच गेलेला नसतो. साठा असतो तो जेमतेम पंधरा-वीस सेकंदांचा, आणि वाय-फाय तेवढा वेळ रेंगाळले की तो संपतो. शेजारच्या डिश टीव्हीवर षटकार आधी दिसतो आणि आपल्याकडे आरोळीनंतर, त्या उशिराचा बराच भाग म्हणजे हाच साठा होय.

म्हणून राउटर बंद-चालू करण्याआधी दोष कोणत्या टप्प्यावर आहे ते ठरवावे. तोच सामना फोनवर, वाय-फाय बंद करून, मोबाइल डेटावर लावून पाहावा. तिथेही तो त्याच वेळी अडखळत असेल तर अडचण बहुधा प्रक्षेपण करणाऱ्यांकडे आहे. १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्याला हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी प्रेक्षक होते. इतक्या गर्दीच्या दिवशी प्रत्येक दोष आपल्याच घरात शोधू नये.

फोनवर सामना सुरळीत चालत असेल, तर लॅपटॉप वाय-फायला जोडून टीव्हीशेजारी ठेवावा आणि कमांड प्रॉम्प्टच्या (लॅपटॉपला आज्ञा टाइप करून देण्याच्या) दोन खिडक्या उघडून एकीतून राउटरच्या पत्त्याला (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) आणि दुसरीतून ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला सतत पिंग करत राहावे, म्हणजे छोटा निरोप पाठवून त्याचे उत्तर यायला किती वेळ लागतो ते पाहत राहावे. राउटरचे उत्तर दोन-पाच मिलिसेकंदांत यायला हवे. तोच आकडा मध्येच दोनशे-तीनशेवर उडी घेत असेल किंवा उत्तरच येत नसेल, तर दोष घरातल्या वाय-फायचा आहे आणि कंपनीशी भांडून उपयोग नाही. राउटरचे आकडे स्थिर राहून दुसऱ्या खिडकीतलेच उसळत असतील, तर मात्र वेळेसह त्याचे फोटो काढून तक्रारीला जोडावेत, कारण नुसते ‘नेट स्लो आहे’ म्हटले की पलीकडून ‘राउटर रिस्टार्ट करा’ एवढेच ऐकू येते. स्पीड टेस्ट या कामी फारशी उपयोगाची नाही. ती काही सेकंदांची सरासरी सांगते, मधले खड्डे दाखवत नाही.

घरातला दोष बहुधा राउटरच्या जागेत असतो. जोडणीला आलेला माणूस फायबर जिथून आत येते तिथेच, म्हणजे दारावर किंवा चपलांच्या कपाटावर राउटर ठोकून जातो, आणि टीव्ही असतो दोन भिंती व एका पोलादी कपाटापलीकडे. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ या रेडिओ लहरींच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल १, ६ आणि ११ असे तीनच, आणि ते साऱ्या इमारतीने वाटून घ्यायचे. शिवाय मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात चालतो. ५ गिगाहर्ट्झ मोकळा असतो, पण भिंतींपुढे लवकर नमतो. टीव्ही आणि राउटर एकाच खोलीत असतील तर तो निवडावा. नसतील तर सरळ लॅन केबल ओढावी. बहुतेक टीव्हींचा लॅन पोर्ट १०० मेगाबिटचाच असल्याने स्पीड टेस्टमध्ये वाय-फाय सरस दिसेल, पण सामना केबलवरच नीट चालेल.

एवढे करूनही फक्त संध्याकाळीच अडखळत असेल, तर घरातले फोन पाहावेत. लग्नाहून परतलेल्या मंडळींचे फोन वाय-फाय मिळताच शेकडो फोटो आणि व्हिडिओ क्लाउडवर चढवू लागतात, राउटरमध्ये रांग लागते आणि टीव्हीची मागणी त्या रांगेत अडकते. सामना संपेपर्यंत फोनमधला बॅकअप थांबवावा, किंवा राउटरमध्ये क्यूओएसची (कोणत्या उपकरणाचे काम आधी करायचे ते ठरवण्याची) सोय असल्यास टीव्हीला अग्रक्रम द्यावा.