बाराशेची साडी आणि अठरा हजारांची पैठणी

बहिणीच्या लग्नाला मानपानाच्या साड्या घ्यायच्या होत्या म्हणून मी आणि आई लक्ष्मी रोडला गेलो होतो. आठ साड्या, एकीला १२०० पर्यंत, हे घरीच ठरलेलं, आईने चिठ्ठीवर तसं लिहूनही आणलं होतं. गादीवर बसलो, पाणी आलं, चहा घेणार का विचारून झालं, आणि दुकानातल्या काकांनी पहिली घडी उघडली ती थेट १८,००० च्या पैठणीची. आई म्हणाली, अहो आम्हाला मानपानाला हव्यात. "माहितीये ताई, घेऊ नका, नुसती बघा, बघायला काय पैसे पडतात?" मग पदर खांद्यावर टाकून दाखवला, काठावरचे मोर दाखवले, उलटी बाजू दाखवली. त्यानंतर ९,००० ची, मग ४,५०० ची, आणि असं करत करत जेव्हा १,९५० ची साडी समोर आली तेव्हा आई अगदी मनापासून म्हणाली, "ही बरी आहे गं, आणि स्वस्तातही आहे."

आठ साड्यांचे १५,६०० झाले. ठरलेले होते ९,६००.

रिक्षात बसल्यावर चिठ्ठी पर्समधून बाहेर आली आणि आई कितीतरी वेळ ती बघत बसली. मला जास्त लागलं कारण हा प्रकार मला माहीत होता, मी त्याबद्दल वाचलेलं होतं, आणि तरी मी शेजारी बसून मान डोलावत होते.

याला अँकरिंग म्हणतात, म्हणजे नांगर टाकणं. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये यावर लिहिलं. त्यांनी लोकांसमोर ० ते १०० आकड्यांचं एक चक्र फिरवलं, ते मुद्दाम असं केलेलं होतं की १० किंवा ६५ वरच थांबेल. मग विचारलं, युनायटेड नेशन्समध्ये आफ्रिकेतले देश किती टक्के असतील? आता चक्राचा आणि आफ्रिकेचा काही एक संबंध नाही, तरी ज्यांच्या चक्रावर १० आलं त्यांचा अंदाज साधारण २५ आणि ज्यांच्या ६५ आलं त्यांचा ४५. पहिला आकडा डोक्यात रुतला की पुढचं सगळं आपण त्याच्यापासून मोजत जातो. आमचं चक्र १८,००० वर थांबलं होतं एवढंच. कानेमनना २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच कामाबद्दल, ट्वर्स्की त्याआधीच १९९६ मध्ये गेले होते.

पण मला त्या काकांचा राग नाही, खरंच नाही. ते समोर बसले होते, साडी समोर होती, घासाघीस करायची सोय होती, आईला उठून शेजारच्या दुकानात जाता आलं असतं. पटवून देणं हा धंद्याचा भागच आहे, आणि भाजीवाली वरून मूठभर कोथिंबीर घालते तेव्हा आपण परत तिच्याकडेच जातो हे तिलाही माहीत असतं आणि आपल्यालाही. त्यात फसवणूक नाही.

मला राग येतो तो मोबाइलच्या स्क्रीनवर जे चालतं त्याचा. गेल्या महिन्यात एका ॲपवरून बसचं तिकीट काढत होते, शेवटी पैसे भरताना रक्कम जास्त दिसली. वर जाऊन बघितलं तर इन्शुरन्स आणि कुठल्यातरी संस्थेला डोनेशन, दोन्हीवर आधीच टिक केलेली. इन्शुरन्सची टिक काढली तर खिडकी उघडली, त्यात मोठ्या हिरव्या बटणावर 'हो, मला सुरक्षित प्रवास हवा' आणि खाली फिकट अक्षरात 'नको, मी धोका पत्करते'. म्हणजे काही रुपये वाचवायचे तर आधी स्वतःला बेफिकीर म्हणून घ्यायचं! माझ्या आईसारखी बाई, जिला चष्मा लावूनही ती फिकट अक्षरं दिसणार नाहीत, ती काय करणार?

आधीच केलेल्या टिकची ताकद किती असते ते अवयवदानाच्या आकड्यांवरून कळतं. २००३ मध्ये एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन या संशोधकांनी युरोपातल्या देशांची तुलना केली होती. जर्मनीत स्वतःहून हो म्हणावं लागायचं, तिथे संमती १२ टक्के. शेजारच्या ऑस्ट्रियात नको असेल तर तसं कळवायचं, तिथे ९९ टक्क्यांच्याही वर. प्रत्यक्षात अवयव किती मिळतात हा वेगळा प्रश्न आहे, त्यात हॉस्पिटलची यंत्रणा आणि घरच्यांचं म्हणणं सगळं येतं, पण शेजारशेजारच्या दोन देशांतली माणसं मनाने इतकी वेगळी असतील असं मला वाटत नाही. फरक फॉर्मचा होता. जे आधीच ठरवून ठेवलंय ते बहुतेक माणसं बदलत नाहीत, आणि हे माहीत असलेला माणूस जेव्हा तुमच्या पैशांवर टिक करून ठेवतो तेव्हा त्याला पटवणं म्हणत नाहीत.

आपल्याकडे आता यावर नियम आहेत हे बऱ्याच जणांना ठाऊकच नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे ॲप आणि वेबसाइटवरच्या अशा फसव्या मांडणीबद्दल, मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात १३ प्रकार दिलेत. न विचारता टोपलीत काही टाकणं त्यात आहे आणि डोनेशनचा उल्लेख तिथे स्पष्ट आहे, खोटी घाई म्हणजे 'फक्त २ शिल्लक' वगैरे तेही आहे, आणि लाज वाटायला लावून हो म्हणवून घेणं हेही आहे, त्याच्या उदाहरणात तर विमानाच्या तिकिटासोबत इन्शुरन्स नको म्हटल्यावर येणारं 'मी असुरक्षित राहीन' हेच वाक्य दिलंय. ते वाचून मला इतकं बरं वाटलं की कोणीतरी बसून हे लिहून काढलंय. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, मी तक्रार केली, तुम्हीही करा, स्क्रीनशॉट तेवढा काढून ठेवा.

आणि हेच मानसशास्त्र आपल्या बाजूनेही वापरता येतं. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्ट्झी या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या एका कंपनीत कामगारांना सांगितलं की आत्ता काही कापू नका, पुढची पगारवाढ होईल तेव्हापासून बचत वाढवा. ४० महिन्यांत त्या लोकांची बचत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. मला हे वाचताना आमच्या वाड्यातली भिशी आठवली. बारा जणी, महिन्याला प्रत्येकीचे २,०००, चिठ्ठी निघेल तिला सगळे. एकटीने घरात डब्यात ठेवायचं म्हटलं तर दुसऱ्याच महिन्यात काहीतरी निघतं, पण अकरा जणी वाट बघतायत म्हटल्यावर पैसे बरोबर बाजूला पडतात. आईचं पहिलं मंगळसूत्र भिशीतूनच झालंय.

ही भिशी चालवायची ती मोठी मावशी. सासरकडच्या आणखी तीन साड्या राहिल्या होत्या म्हणून पंधरा दिवसांनी परत त्याच दुकानात गेलो तेव्हा आईने तिला बरोबर घेतलं. मावशी गादीवर टेकायच्या आधीच म्हणाली, "भाऊ, बाराशेच्या वरची एकही घडी उघडायची नाही, आणि आधी हजाराची दाखवा." काकांचा वरच्या फळीकडे गेलेला हात खाली आला, हसले, आणि खालच्या रॅकमधून गठ्ठा काढला. तिसरीच साडी मोरपंखी निघाली, ११५० ची, आईने ती लगेच मांडीवर घेतली.