निवडणे

गेल्या डिसेंबरात एका रविवारी सकाळी सासूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत बसल्या होत्या आणि मी त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून फोनवर मुलुंडमधल्या शाळांचे प्रवेश अर्ज पाहत होते. ‘काय चाललंय एवढं?’ असे त्यांनी विचारले, तेव्हा मी ‘शाळा निवडतेय’ असे सांगितले. मान वर न करता त्या म्हणाल्या, ‘मग चष्मा लाव. निवडायचं काम चष्म्याशिवाय करू नये.’

मी चष्मा लावला, पण त्यांचे वाक्य दिवसभर डोक्यात राहिले. आपल्या भाषेत साडी निवडतात, नवरा निवडतात, आमदार निवडून देतात आणि तांदूळही निवडतात. मात्र या शेवटच्या कामात एक गंमत आहे. तांदूळ निवडताना आपण खरे तर खडे निवडतो. ताटात पसरलेला तांदूळ कोणता असावा हे वाण्याने, पगाराने आणि घरातल्या सवयीने आधीच ठरवून टाकलेले असते. आपण बोटाने खडा, साळ, किडा तेवढा बाजूला सारतो आणि उरेल ते शिजवतो. मुलांच्या बाबतीत आई-वडील जे काही निवडतात, ते साडीसारखे निवडत असावेत असा माझा समज होता. लेक साडेतीन वर्षांची होईपर्यंत तो टिकला नाही.

पहिली पाळी पाळणाघराची होती. बाळंतपणाची रजा 26 आठवड्यांची झाली ती 2017 सालच्या दुरुस्तीने, आणि त्याच दुरुस्तीने 50 किंवा त्याहून अधिक माणसे कामाला असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय करणे, तसेच आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन येऊ देणे मालकावर बंधनकारक केले. कायदा करणाऱ्यांविषयी मला आदरच आहे. परंतु फोर्टमधल्या कार्यालयात पाळणाघर असणे ही एक गोष्ट झाली आणि सहा महिन्यांचे मूल, त्याची पिशवी, स्वतःचा डबा आणि पर्स घेऊन सकाळी पावणेनऊच्या सीएसएमटी फास्टमध्ये मुलुंडला शिरणे ही दुसरी झाली. बायकांच्या डब्यात मूल दिसले की जागा देणाऱ्या असतात, नाही असे नाही. पण ती जागा मिळण्यापूर्वी डब्यात शिरावे लागते. म्हणून तो पर्याय आम्ही ताटातून पहिल्यांदा बाजूला केला. काचेच्या दारांचे, भिंतीवर जिराफ रंगवलेले आणि फोनवर कॅमेऱ्यातून मूल दाखवणारे एक पाळणाघर मला आवडले होते. ते सायंकाळी साडेसहाला बंद होत असे आणि मी साडेसहाला फार तर घाटकोपरपर्यंत पोहोचत असे. तेही गेले. उरल्या त्या शेजारच्या इमारतीतल्या काकू.

काकूंकडे जिराफ नाही. दोन खोल्यांचे घर आहे, खिडकीला जाळी आहे, एका बाजूला सतरंज्यांची चळत आहे आणि पावणेबाराला कुकरच्या शिट्ट्या वाजू लागल्या की सहा-सात मुले आपापली ताटली घेऊन ओळीने बसतात. वरणभात, त्यावर तूप, आणि रडणाऱ्याला आधी. मी त्यांना भेटायला गेले तेव्हा एका कागदावर चौदा प्रश्न लिहून नेले होते, ज्यांत मुलांच्या भावनिक विकासाविषयीचेही दोन प्रश्न होते. त्यांपैकी एकही मी विचारला नाही. विचारला तो कागदावर नसलेला प्रश्न: ‘काकू, गाड्या बंद पडल्या तर?’ काकूंनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी त्यांना पाणी उकळल्यावर काय होते हे विचारले असावे. ‘मग झोपेल इथेच,’ त्या म्हणाल्या.

हा प्रश्न मुंबईबाहेरच्या माणसाला कदाचित अतिरेकी वाटेल. 26 जुलै 2005 रोजी मी दहावीत होते. सांताक्रूझच्या वेधशाळेने त्या चोवीस तासांत 944 मिलिमीटर पावसाची नोंद केली, हे आकडे नंतर कळले. त्या संध्याकाळी आम्हांला एवढेच दिसत होते की शाळेच्या फाटकातून बाहेर पडलेला रस्ता राहिलेला नाही. आम्ही बावीस मुली रात्रभर शाळेतच राहिलो. आमच्या भूगोलाच्या बाईंचे घर शाळेपासून जेमतेम दोन गल्ल्या पलीकडे होते आणि त्यांचा स्वतःचा मुलगा तिथे एकटा होता, तरीही त्या आम्हांला सोडून गेल्या नाहीत; त्यांनी कुठून तरी बिस्किटांचे पुडे आणले आणि मेणबत्तीच्या उजेडात ते मोजून वाटले. त्यांचा मुलगा त्या रात्री शेजाऱ्यांकडे होता, हे सकाळी कळले. मुंबईतले मूल असे साखळीने सांभाळले जाते: मी कुणाचे तरी, कुणीतरी माझे. काकूंच्या ‘झोपेल इथेच’मध्ये मला ती साखळी दिसली आणि जिराफाचे दुःख तिथेच संपले.

शाळेचे प्रकरण लांबले. एका नावाजलेल्या शाळेने आम्हां दोघांना भेटीसाठी बोलावले, लेकीला कोपऱ्यातल्या टेबलावर मणी ओवायला बसवले आणि तिच्याकडे कुणी पाहत नाही असे भासवत एक बाई वहीत काहीतरी लिहू लागल्या. आम्हांला दिलेल्या अर्जात ‘तुमच्या दृष्टीने यश म्हणजे काय?’ असा प्रश्न होता आणि उत्तरासाठी दीड ओळ सोडलेली होती. नवऱ्याने बराच वेळ पेन चावून ‘वेळेवर घरी पोहोचणे’ असे लिहिले. मी ते खोडायला लावले, याचे मला आता वाईट वाटते. शिक्षण हक्काचा कायदा 2009 साली झाला, 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी परीक्षा घ्यायला त्यात स्पष्ट मनाई आहे. अर्थात तो कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा आणि आमची मुलगी तीन वर्षांची, ही सोय शाळेच्या लक्षात आली असावी. सासूबाईंना हे सांगितले तेव्हा त्यांचे मत पडले की चाळणी काढून घेतली तर माणूस सूप घेतो. पाखडायचे ते पाखडतोच. आम्ही पाखडले गेलो. दोन आठवड्यांनी दोन ओळींचा संदेश आला.

मग माध्यमाचा प्रश्न उरला, जो मराठी घरांत लग्नाच्या याद्यांपेक्षा अधिक भांडणे लावतो. मी मराठी माध्यमात शिकले. माझ्या शाळेत तेव्हा ‘अ’ ते ‘ई’ अशा पाच तुकड्या होत्या आणि आता दोन उरल्या आहेत. नवरा इंग्रजी माध्यमातला आहे आणि अजूनही ‘एकोणऐंशी’ म्हणण्यापूर्वी मनातल्या मनात क्षणभर हिशेब करतो. 2020 चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणते की शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावे. मुंबई महापालिकेच्या शाळा तर आठ भाषांत शिकवतात, आणि एकाच शहराने आपल्या मुलांना मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी या सगळ्यांत पाढे म्हणायला लावावेत, याचा मला अभिमानच वाटतो. तरीही आमच्या सोसायटीत कुणी मराठी शाळेचे नाव काढले की समोरचा माणूस आवाज खाली आणून ‘सेमी आहे ना पण?’ असे विचारतो. गणित आणि विज्ञान इंग्रजीत, बाकी सगळे मराठीत, ही सेमी-इंग्रजीची तडजोड मला मुंबईच्या मिसळीसारखी वाटते. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्याने ती मागवू नये, पण भूक भागते.

आम्ही तीच घेतली. ठासून सांगावे तर मातृभाषेच्या प्रेमाने घेतली असे सांगता येईल, आणि नातेवाइकांना मी तसेच सांगते. खरे कारण असे की ती शाळा घरापासून चालत अकरा मिनिटांवर आहे आणि तिथे जाताना लाल बहादूर शास्त्री मार्ग ओलांडावा लागत नाही. सासूबाईंच्या गुडघ्यांना तो रस्ता एका सिग्नलमध्ये ओलांडणे जमत नाही. लेकीला आणायला त्याच जाणार होत्या. इतर सर्व शाळा रस्त्याच्या पलीकडे होत्या.

अंतराने शाळा ठरावी याची मला काही दिवस लाज वाटत होती. मग ताराबाई मोडकांविषयी पुन्हा वाचले. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला बालशिक्षणाचे काम करून 1926 साली नूतन बालशिक्षण संघ उभा करणाऱ्या ताराबाई पुढे अनुताई वाघांना बरोबर घेऊन आदिवासी मुलांसाठी आधी बोर्डीला आणि नंतर डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मुले बालवाडीत येईनात, कारण त्यांना धाकटी भावंडे सांभाळायची होती, गुरे वळायची होती आणि बालवाडी लांब होती. ताराबाईंनी पालकांना उपदेश केला नाही. त्यांनी बालवाडीच उचलली आणि पाड्यांवरच्या अंगणांत नेऊन बसवली. अंगणवाडी ती तिथली. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तिच्यामुळे हा शब्द देशभर पोहोचला. शिक्षणाविषयी इतका विचार केलेल्या बाईने शेवटी अंतराचाच प्रश्न सोडवला, हे वाचून मला फार हायसे वाटले. आमच्याकडे अंगण नाही, अकरा मिनिटे आहेत.

एका बाबतीत मात्र मी साडीसारखी निवड करीन असे ठरवले होते, ती म्हणजे पुस्तके. पुस्तकांना गुडघे नसतात आणि ती साडेसहाला बंद होत नाहीत. माझ्या लहानपणी घरात बालभारतीचा ‘किशोर’ येत असे; 1971 पासून निघणाऱ्या या मासिकाचे जुने अंक आजोळी सुतळीने बांधून ठेवलेले होते, आणि ते सोडून वाचायची परवानगी फक्त मे महिन्यात मिळे. आता चित्रांची, जाड पुठ्ठ्याची, कोपरे गोल केलेली इतकी सुंदर मराठी पुस्तके मिळतात की दादरला छबिलदासच्या गल्लीत आयडियल या पुस्तकांच्या दुकानात शिरले की मुलीचे वय विसरायला होते. मी तिथून पुस्तके आणली, वयोगट पाहून लावली, आणि ज्यांत कुणी कुणाला खाते किंवा मुलगी नुसती भांडी घासते ती बाजूला ठेवली. तेवढ्यात सासूबाईंनी रात्रीच्या अंधारात चिऊ-काऊची गोष्ट सांगून टाकली. काऊचे घर शेणाचे, ते पावसात वाहून गेले. चिऊचे घर मेणाचे, पण ती दार उघडेना, कारण आधी बाळाला न्हाऊ घालायचे, मग तीट लावायची, मग निजवायचे. मी त्यातला कावळ्याला चटका बसण्याचा शेवट गाळावा अशी त्यांना विनंती करणार होते. लेकीला चटक्याचे काहीच वाटले नाही. तिला एवढेच कळेना की काऊ काकूंकडे का गेला नाही.

नव्या पुस्तकांपैकी तिने एकच धरले आहे: एका मांजरीचे, जी सबंध पुस्तकभर टोपलीत बसायचा प्रयत्न करते. ते मी आजवर किती वेळा वाचले असेन याचा हिशेब सोडून दिला आहे. एखादे वाक्य गाळून पान उलटले तर ती पान मागे आणते. त्याच्या सातव्या पानावर, टोपलीच्या कडेला, आमटीचा एक डाग आहे. गेल्या महिन्यात पुठ्ठा सुटू लागला म्हणून तिला दादरला घेऊन गेले आणि मोठ्या उदारपणे सांगितले की आज तू निवड, काय हवे ते. तिने दुकानातली खालची दोन फडताळे रिकामी केली, जमिनीवर मांडी घालून बसली, बराच वेळ एकेक पुस्तक बाजूला सारले आणि शेवटी तेच, टोपलीतल्या मांजरीचे, नवे कोरे उचलले. मी ते मुकाट्याने घेतले. रात्री अंथरुणावर तिने दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून सातवे पान उघडले, नव्यातल्या टोपलीवरून बोट फिरवून पाहिले, आणि ‘हे नाही, ह्यात ते नाहीये,’ असे म्हणून मला जुनेच वाचायला दिले.

नवे पुस्तक मी काकूंकडे दिले. परवा संध्याकाळी तिला आणायला गेले तेव्हा काकू थोड्या संकोचाने म्हणाल्या की दुपारी जेवताना त्यावर वरण सांडले. पुसले, पण डाग राहिला. लेक ते पुस्तक पोटाशी धरून दारात उभी होती आणि ते घरी न्यायचे म्हणत होती.