साओ पाउलोत एका भुंगेऱ्याचे पाय मोजताना

रिओत काय पाहिलं ते विचारू नका. कॉर्कोवाडोच्या रांगेत ऊन खाल्लं आणि सेल्फीकाठ्यांच्या गर्दीतून ख्रिस्ताचा एक हात पाहिला. पैसे वसूल नाहीत. कोपाकबाना, शुगरलोफ सगळं आटोपलं, बस्स.

साओ पाउलोला मात्र भाची असते, आणि ती सध्या भुंगेऱ्यांत आकंठ बुडालेली. तिच्यामुळे इपिरांगाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात मागच्या कपाटांपर्यंत जायला मिळालं. डांबरगोळ्यांचा उग्र वास आणि हुडहुडी भरवणारा एसी. तिने एक खण ओढला.

"मावशी, हा कुणाच्या घरातला, ओळख बघू."

टाचणीवर चार-पाच सेंटिमीटरचा काळपट किडा. छातीच अर्ध्या अंगाएवढी, डोकं खाली मुडपलेलं, मागच्या मांड्या पहिलवानाच्या. उडायचे पंख नाहीत, वरची कवचं एकमेकांना जुळलेली. हा माती उकरणारा, एवढं कुणीही सांगेल.

"आपल्या आंब्याच्या भिरुडाच्या गोतावळ्यातला आहे हा!"

काहीतरीच! भिरुड म्हणजे आंब्याचं खोड पोखरणारी अळी, आणि तिच्या भुंगेऱ्याला अंगाएवढ्या मिशा. याच्या मिशा जेमतेम डोक्याबाहेर आलेल्या. पण तिने तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि पाऊल दाखवलं. लाँगहॉर्न, म्हणजे भिरुडासारख्या लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या पावलाला तुकडे पाच, पण चौथा इतका बारका आणि तिसऱ्याच्या दोन पाकळ्यांत असा दडलेला, की मोजताना चारच भरतात. याचे पाचही सरळ मोजता येत होते. मी दोनदा मोजले. मग हा लाँगहॉर्नांत कसा?

"तेच तर भांडण होतं," ती खुशीत म्हणाली. याचं हायपोसेफॅलस आर्मेटस हे नाव 1832 सालचं, फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ देमारे यांनी दिलेलं. 1876 साली अमेरिकेचे कीटकशास्त्रज्ञ जॉन लकाँट यांनी याचे नातेवाईक कोण, यावर अख्खा निबंध लिहिला. पुढे तो बराच काळ लाँगहॉर्नांतच मोजला गेला. आता व्हेस्पेरिडी या त्यांच्या भाऊबंद कुळात आहे. जमिनीत राहणाऱ्यांची अंगं उकरून उकरून एकसारखी होतात, म्हणून रूपावर जायचं नाही, असं तिचं म्हणणं. याचाच एक नातेवाईक मिग्डोलस. त्याच्या अळ्या ब्राझीलमध्ये उसाची मुळं खातात. म्हणजे हुमणीचं दुखणं तिकडेही आहेच.

हा राहतो बाहियाच्या दक्षिणेला आणि मिनास जेराइसच्या उत्तरेला. माद्या फारच क्वचित सापडतात. मला तिथे जायचं होतं, पण भाचीने अंतर सांगितल्यावर उत्साह मावळला. बसच्या रात्री आता कंबरेला झेपत नाहीत.

तिचा खरा राग चिठ्ठ्यांवर. जुन्या व्यापाऱ्यांकडून आलेल्या किड्यांच्या टाचणीवर कधी कधी नुसतंच 'ब्राझील'. "देश केवढा, आणि पत्ता एवढाच! शोधायचं कुठे मी?" खण लावून घेता घेता ती त्या कधीच्या मेलेल्या व्यापाऱ्यांना अस्सल मराठीत शिव्या देत होती.