पुण्याआधीचं सासवड

पुण्याच्या माणसाला सासवड माहिती असतं ते वाटेतलं गाव म्हणून. जेजुरीला निघालो की लागतं, नारायणपूरला निघालो की लागतं, पुरंदरला जाताना चहाला थांबतो ते. गावात आत कोण शिरत नाही. आमच्या ग्रुपवर टाकलं की रविवारी सासवड बघायला चाललीये, तर पहिला रिप्लाय आला, "आणि पुढे कुठे?"

पुढे कुठेच नाही. मी आणि आत्या, दिवे घाटातनं वर, घाट श्रावणातला हिरवागार आणि ट्रॅफिकही तसाच भरात, तासाभराचं अंतर खरं तर पण घाटात एखादा ट्रक बसला की मग राम कृष्ण हरी. वारीत माऊलींची पालखी हाच घाट चढून सासवडला दोन मुक्काम करते. आणि सोपानकाकांची समाधी इथेच, ज्ञानेश्वर गेले त्याच वर्षी, १२९६ साली, त्यांच्या मागोमाग धाकट्या भावानं इथे कऱ्हेकाठी समाधी घेतली. गावात कुणीही त्यांना संत सोपानदेव वगैरे म्हणत नाही, सोपानकाका म्हणतात, दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या माणसाबद्दल बोलावं तसं.

संगमेश्वर मात्र निवांत बघा. कऱ्हा आणि चांबळी मिळतात तिथे उंचावर देऊळ, आणि तिथवर जाणाऱ्या दगडी पायऱ्या गुडघ्यांचा अजिबात विचार न करता बांधलेल्या. आत्या दर चार पायऱ्यांना थांबून "बघून घेते जरा" म्हणत होती, म्हणजे दम खात होती हे मला कळत होतं पण बोलायची काय बिशाद. वर दीपमाळा, नंदी, सभामंडपात उन्हातनं आल्यावर एकदम गारवा. एक आजोबा खांबाला टेकून पेपर वाचत बसलेले, त्यांना विचारलं देऊळ किती जुनं, तर म्हणाले, "आहे की, पहिल्यापासून." मला हे उत्तर पाटीवरच्या माहितीपेक्षा आवडलं. नदीच्याच अंगाला चांगावटेश्वर, तेही दगडी, आणि तिथले कोरीव खांब तर जवळ जाऊन बघावेत असे. नाव चांगदेवांवरनं, म्हणजे वाघावर बसून ज्ञानेश्वरांना भेटायला निघाले होते ते.

मग पुरंदऱ्यांचा वाडा. विचारत गेलो तर एक पोरगा म्हणाला, "तो पडका? तिथं काय नाय बघायला." गेलो आणि आत्या दरवाज्यासमोर उभीच राहिली. "अगं हा तर शनिवारवाडा!" उंच दरवाजा, बाजूला बुरूज, तोच थाट, फक्त तिकीट नाही, सेल्फीवाले नाहीत, आणि भिंतीतनं पिंपळ वर आलेला. खरी गंमत पुढे आहे. बाळाजी विश्वनाथ पेशवे १७२० मध्ये वारले ते सासवडला, समाधीही इथेच. पेशव्यांचं बिऱ्हाड तेव्हा इथे होतं, पुरंदरे त्यांचे जुने स्नेही. बाजीरावानं १७२८ च्या सुमारास मुक्काम पुण्याला हलवला आणि १७३० मध्ये शनिवारवाड्याचा पाया घातला. म्हणजे आपण ज्या पेशवाईच्या जोरावर सदाशिव पेठेत एवढे ताठ चालतो ती सामानसुमान बांधून सासवडहून आलेली, आणि आपण काय करतो तर सासवडला गाडीतनं खाली उतरत नाही!

मी हे आत्याला मोठ्या उत्साहानं सांगितलं तर ती म्हणाली, "बरोबर केलं बाजीरावानं. इथे रिक्षा मिळत नाही."

तिचंही खोटं नाही म्हणा. बायकांना जायला धड जागा नाही हा मुद्दा तर मी कुठल्याही गावात मांडते, इथेही मांडते. पण एक आहे, या गावातलं जुनं अजून वापरात आहे. देवळात लोक देवाला येतात आणि सावलीला बसतात. वापर म्हटलं की झीज आली हे मान्य, आणि आपल्याकडे भक्ती जास्त झाली की दगडाला ऑइलपेंट फासतात आणि गाभाऱ्यात बाथरूमच्या टाइल्स लावतात, त्याला माझा कडक विरोध. पण दोरी लावून आत जायला बंदी केलेल्या वास्तूत मला तेवढं करमत नाही.

आचार्य अत्रे याच भागातले, कोढीतचे, १८९८ चा जन्म. इथल्या लोकांशी पाच मिनिटं बोललं की ते इथलेच असणार हे पटतं. निघताना रस्त्याकडेला सीताफळांच्या पाट्या लागल्या होत्या, पुरंदरची सीताफळं म्हणजे डोळे भरले की घ्यायची, आत्यानं एकेक उचलून दाबायला सुरुवात केली. विकणारी बाई थोडा वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "पुण्याच्या का?"

"हो, का?"

"काय नाय. दाबा सावकाश. भाव कमी न्हाय व्हायचा."

आत्यानं दोन किलो घेतली, त्याच भावानं.