नऊ दंड आणि चार वेलांट्या

गुरुवारी देखभालीसाठी आमच्या पेठेतली वीज बंद असते. म्हणून गिरणीवाल्या काकांनी मला गुरुवारच दिला होता. सकाळी साडेनऊला पोचले तेव्हा मोटरचा पट्टा उतरवलेला होता, वरचा दगड उलटा करून ठोकळ्यांवर टेकवलेला होता आणि काका त्याच्यासमोर मांडी घालून छिन्नी-हातोडीने टाकी लावत होते, म्हणजे दगडाच्या बुजलेल्या खाचा पुन्हा कोरत होते. माझ्या काखेत गिरणीच्या नव्या पाटीसाठी रेखाटलेल्या अक्षरांच्या ट्रेसिंग पेपरची गुंडाळी होती. तिसरी. आधीच्या दोन वेळा मला परत यावं लागलं होतं आणि दोन्ही वेळा काकांचंच बरोबर होतं.

बोर्ड बदलायला निमित्त कायद्याचं झालं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालणार नाहीत असं ठरलं. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिल्यावर पुण्यात फ्लेक्सवाल्यांकडे रांगा लागल्या. काकांच्या गिरणीवर इंग्रजी मोठं आणि मराठी त्याच्या पायाशी बारीक, असा जुना फ्लेक्स होता. त्यांच्या मुलाने घाईत नवीन टाइप करून आणला. त्यातल्या ‘मिळेल’ मधला ल उभ्या दंडाचा होता, हिंदी छपाईत असतो तसा. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण मानला आहे, पण फ्लेक्सच्या दुकानातल्या संगणकावर जो फॉन्ट हाताशी असेल तो लागतो. काकांच्या सूनबाई प्राथमिक शाळेत शिकवतात. मुलांना पाकळीचा ल गिरवायला लावायचा आणि घरच्या पाटीवर दुसराच, हे त्यांना पटेना. त्यांनीच मला शोधून काढलं.

मजकूर साधा. मोठ्या अक्षरांत ‘पिठाची गिरणी’, खाली लहान अक्षरांत ‘गहू, ज्वारी, बाजरी, भाजणी दळून मिळेल’. गिरणीला वेगळं नाव नाही. आठ फूट बाय दोन फुटांचा पत्रा. फ्लेक्स नको, हाताने रंगवलेला हवा, एवढी एकच अट.

माझी पद्धत अशी की आधी बोरूने तोच शब्द पानंच्या पानं लिहायचा. चांगला काढायचा प्रयत्न न करता, नुसता लिहायचा. देवनागरीसाठी बोरूचा काप इंग्रजीच्या उलट तिरपा असतो, त्यामुळे जाड कुठे आणि बारीक कुठे हे हाताला आपोआप कळतं. पन्नास-साठ वेळा लिहून झालं की शब्दाची हाडं दिसू लागतात. मग पेन्सिलीने सांगाडा, मग जाडी, मग ट्रेसिंगवर ट्रेसिंग.

पहिल्या खेपेला मी हाडं दिसेपर्यंत थांबले नाही. ‘ठ’ गोल, जातंही गोल, एवढं सुचल्यावर मी त्यातच रमले. ठ चा दगड केला, मध्ये खुंट्याचं भोक ठेवलं, कडेने रेघा ओढल्या. कागदावर फार सुंदर दिसत होता. काकांनी तो रस्त्याच्या पलीकडे सायकलच्या दुकानाच्या शटरला लावायला सांगितला आणि इकडून पाहिला. म्हणाले, “ताई, हा डोळा वाटतोय.” मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. खरंच डोळा होता. भल्या मोठ्या शब्दाच्या मधोमध एक डोळा, आणि त्यापुढे बाकीची अक्षरं कुणी वाचतच नव्हतं.

दुसऱ्या खेपेला मात्र शब्द मला खरोखर दिसला. ‘पिठाची’ ऱ्हस्व वेलांटीने उघडतो आणि दीर्घ वेलांटीने मिटतो. ‘गिरणी’ सुद्धा तसाच. पहिल्यात मधोमध ठ, दुसऱ्यात मधोमध र. दोन्ही शब्दांना दोन्ही बाजूंनी वेलांट्यांचा कंस आहे आणि ‘ची’ ची दीर्घ वेलांटी व ‘गि’ ची ऱ्हस्व वेलांटी पाठीला पाठ लावून उभ्या राहतात, दाराच्या चौकटीच्या दोन खांबांसारख्या. इतकी वर्षं हे दोन शब्द पाट्यांवर पाहत आले, पण ही रचना डोळ्यांत भरली नव्हती. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी उठून मी ‘पि’ आणि ‘ची’ च्या वेलांट्या एकमेकींकडे लांबवल्या, ठ च्या डोक्यावर त्यांची कमान होईल अशा.

तो नमुना गिरणीत नेला तेव्हा एक मुलगा डबा घेऊन बाकावर बसला होता, तिसरी-चौथीतला असेल. सूनबाईंनी त्याला वाचायला सांगितलं. त्याने मोठ्याने वाचलं, “पिठीची गिरणी.” ‘ची’ ची वेलांटी मी इतकी मागे खेचली होती की ती ‘ठा’ च्या कान्याला टेकली आणि काना वेलांटी झाला. काका लगेच म्हणाले, “पिठी म्हणजे तांदळाची. मग ज्वारीवाल्याने कुठे जायचं?”

मी वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिराती कापून, त्यांतली अक्षरकार कमल शेडगे यांनी रेखाटलेली शीर्षकं वहीत चिकटवत अक्षरं शिकले. त्यांच्या अक्षरांत नाटकाचा स्वभाव उतरायचा, पण शब्द लावायला कधी थांबावं लागत नसे. ती वही माझ्या टेबलाच्या खणात आहे. तरीही माझ्या हातून शब्द बदलला गेला. घरी येऊन वही उघडली आणि बराच वेळ नुसती पानं उलटत बसले.

तर हा तिसरा गुरुवार. वेलांट्या मी पुन्हा आपापल्या अक्षरापुरत्या आखूड केल्या होत्या, डोळा काढून टाकला होता. अक्षरं शुद्ध, वळण नीट, चूक काही नाही. आणि तरी मला ते आवडत नव्हतं. समोरच्या शटरवर लावल्यावर कारण कळलं. ‘पिठाची गिरणी’ मध्ये पूर्ण उंचीचे उभे दंड मोजले तर नऊ भरतात. नऊही सारख्या जाडीचे, वरपासून खालपर्यंत. लांबून ते गजांसारखे दिसत होते. अक्षरं त्या गजांच्या मागे गेली होती.

मी तिथेच धान्याच्या पोत्यावर बसले. काका काम करत होते. वीज नसल्याने गिरणीत एरवी कधी नसते अशी शांतता होती, फक्त छिन्नीचे ठोके. थोडा वेळ ठोकून झालं की ते फुंकर मारायचे आणि खाचेतून बोट फिरवायचे. दगडाचा उंच भाग त्यांनी एकदाही चाचपला नाही. मी विचारलं, तेव्हा म्हणाले, “खाच बुजली की पीठ पुढे सरकत नाही. आतच फिरतं आणि तापतं. करपट वास येतो भाकरीला. दगड कितीही चांगला असू दे.” मध्याजवळची खाच खोल आणि कडेला येईल तशी उथळ, हे त्यांनी माझं बोट धरून दाखवलं.

मी ट्रेसिंग उलटं केलं. उलट्या बाजूने शब्द वाचता येत नाही, नुसते आकार उरतात. ही युक्ती मला ठाऊक होती, पण त्या दिवसापर्यंत मी उलटं करूनही काळंच पाहत आले होते. आता पेन्सिलीने दंडांमधल्या पांढऱ्या जागा भरत गेले. प च्या पोटातली, ठ च्या आतली, कान्याच्या आणि च च्या मधली, ण च्या दोन पायांमधली. भरून झाल्यावर दिसलं की कान्यामागची जागा चिंचोळी फट झाली आहे आणि र च्या दोन्ही बाजूंना मैदान पडलं आहे. जाडी सगळीकडे सारखी राखली होती, मोकळी जागा कुठेच सारखी नव्हती.

पुढचे तीन तास मी अक्षरांना हात लावला नाही, फक्त जागा आखल्या. कागदावर पिठाचा थर बसत होता आणि त्यावर पेन्सिल घसरत होती, दर थोड्या वेळाने फडक्याने पुसावा लागे. दंड वर दोन इंच ठेवून खाली निमुळते केले, तळाशी सव्वा इंच. त्यामुळे मधली पांढरी जागा खालच्या बाजूला उमलत गेली. वजन गोलाईंना दिलं, ठ आणि र ला. ठ थोडा मोठा केला आणि शिरोरेषेपासून जरा जास्त खाली लोंबू दिला. ग आणि र जवळ आणले. दोन शब्दांमधल्या त्या दोन खांबांत एका अक्षराएवढं अंतर सोडलं, त्यात काहीही न घालता. दीड वाजता सूनबाईंनी थालीपीठ आणून दिलं तेव्हा मान वर केली.

पुन्हा शटरवर लावलं. काका रस्त्याच्या अलीकडे उभे राहिले, एकदा मान तिरकी केली आणि म्हणाले, “हं. आता मोकळं झालं.” मग परत दगडाकडे गेले.

दुपारी पेंटरकाका आले. पंचाहत्तरीच्या पुढचे आहेत. फ्लेक्स आल्यावर त्यांचं काम जवळजवळ संपलं, हात मात्र अजून तसाच आहे. माझ्या ट्रेसिंगवर त्यांनी कडेकडेने सुईने भोकं पाडली, ते पत्र्यावर बसवून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी थोपटत नेली, कागद उचलला, आणि क्रीम रंगावर ठिपक्यांची अक्षरं उमटली. गेरूच्या छटेचा इनॅमल. टेकूच्या काठीवर मनगट ठेवून ते आधी दंड भरतात, मग गोलाई आणि सगळ्यात शेवटी शिरोरेषा. ती ओढताना बोलत नाहीत. एका ठिकाणी त्यांनी माझं ऐकलं नाही. दंडांचे तळ मी गोलसर ठेवले होते, त्यांनी ते तिरपे कापले. “पोरी, उतरत्या दंडाला धार लागते, नाहीतर तो वितळल्यासारखा दिसतो.” मी पाहिलं, आणि तसंच ठेवलं.

वीज पाचला येते. त्या दिवशी चारलाच आली. दगड बसवून झाला होता. टाकी लावल्यावरचं पहिलं दळण गिऱ्हाइकाला देत नाहीत, त्यात दगडाची कच येते, म्हणून मुलाने पडीक ज्वारी ओतून गिरणी सुरू केली. आम्ही आत मागच्या बाजूला काम करत आहोत हे त्याच्या लक्षात राहिलं नाही. धुरळा उठला तेव्हा ‘णी’ ओली होती. पेंटरकाका आणि मी दोन टोकं धरून पत्रा बाहेर काढला, रस्ता ओलांडून सायकलवाल्याच्या आत नेला, तोवर वेलांटीवर पिठाची लव बसली होती. माझे हात थरथरत होते. पेंटरकाका म्हणाले, हात लावू नकोस, वाळू दे. दोन दिवसांनी त्यांनी बारीक पॉलिश पेपरने ती घासून काढली आणि दुसरा हात दिला. खालची ओळ सायकलच्या दुकानातच पूर्ण झाली. ‘दळून’ आणि ‘मिळेल’ मधले दोन्ही ळ सारखे यावेत म्हणून त्यांनी ते एकापाठोपाठ काढले, मधली अक्षरं नंतर भरली. पाकळीचा ल सगळ्यात शेवटी, सूनबाई शाळेतून आल्यावर, त्यांच्यासमोर.

पाटी चढली तो पुढचा गुरुवार. नंतर महिन्याभराने माझं स्वतःचं दळण घेऊन गेले. चौकटीच्या खालच्या पट्टीवर पीठ साचलं असेल असं वाटलं होतं, पण ती स्वच्छ होती. काकांनी डबा वजनकाट्यावर ठेवला आणि कोपऱ्यातल्या छिन्नी-हातोडीशेजारी ठेवलेलं घडी घातलेलं मऊ फडकं दाखवलं. “टाकी लावतो त्या दिवशी तीही पुसतो,” म्हणाले, आणि विचारलं, “भाजणी जाडसर ना?”