मूडचं कोण विचारणार?

मला अकरावीपासून मुरुम. साधे नव्हेत, गालावर दुखणाऱ्या गाठी. खानापूर-बेळगाव बसमध्ये नाकापर्यंत ओढणी घेऊन बसायची मी, आणि भेटेल त्या काकूचं निदान तयार, उष्णता हाय, कुंदा खाऊ नकोस, लग्न झालं की जातंय बघ. मेडिकलमधनं आणलेल्या ट्यूबनं आधी चेहरा गोरा आणि मग लालभडक, त्यात स्टिरॉइड होतं. 2018 पासून असली मलमं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, तरी देतात.

शेवटी स्किनच्या डॉक्टरांनी आयसोट्रेटिनॉइन लिहून दिलं. व्हिटॅमिन ए च्या घराण्यातली गोळी, तेलग्रंथी आकसवते, अमेरिकेत 1982 पासून आहे. लिव्हर आणि चरबीची रक्ततपासणी, ओठ फुटतील, व्हॅसलीन लावा, आणि मग, "गोळी चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर दिवस राहता कामा नयेत, बाळात व्यंग येतं." आई शेजारीच. तिनं पर्सची चेन उघडली, परत लावली, म्हणाली, "डॉक्टर, हिचं लग्न व्हायचंय अजून." ते म्हणाले, "सगळ्या बायकांना सांगावंच लागतंय." त्या गडबडीत गोळीनं मूड बिघडू शकतो हे सांगितलं की नाही ते आम्हा दोघींनाही आठवत नाही.

चेहरा निवळायला लागला आणि मी बिघडले. झोप नाही, उगाच रडू, आईवर खेकसणं. ओळखलं बहिणीनं. आईला वाटलं नजर लागली, आणि मानसोपचाराचं नाव काढायची सोय नाही, आमच्याकडं "हिला धारवाडला पाठवा" म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात पाठवा, ते धारवाडलाच आहे.

गोळीच्या माहितीपत्रकात डिप्रेशनची सूचना असते. पण बरेच अभ्यास एकत्र करून बघितलं तर सरसकट धोका वाढलेला दिसत नाही, उलट चेहरा साफ झाला की बऱ्याच जणांचं मन सुधारतं, कारण मुरुमांनीच ते आधी खचलेलं असतं. माझंही खचलेलं होतंच की, गणपतीतल्या एका फोटोत मी नाही. पण सरासरी काही माझ्या उशीवर डोकं ठेवून झोपत नाही, काहींना त्रास होतो हेही खरं. डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी गोळी थांबवली आणि नंतर कमी डोसवर परत चालू केली.

तुम्ही चालू करणार असाल तर रोज तुमचं तोंड बघणाऱ्या घरातल्या एकाला आधीच सांगून ठेवा, बदलले वाटले तर बोल म्हणून. आधी डिप्रेशन होतं तर तेही डॉक्टरांपासून लपवू नका. जगणं नको वाटायला लागलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, लगेच डॉक्टर गाठायचा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे, मराठीत बोला नाहीतर कन्नडमध्ये.